राजमणीअक्कांचा आवाज

सात वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, ज्याच्या खांद्यावर माझा सिनेमा उभा राहिला त्या कॅमेरामनला नाही, आईला तर नाहीच. गेल्या महिन्यात एका माणसाला सांगितलं — सांगावंच लागलं — पण ते पुढं येईल. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत असाल तर 'सोलापुरात राहून सिनेमा काढलेला तो लग्नाच्या शूटिंगवाला' एवढंच ओळखत असाल. ते खरं आहे. पण तो सिनेमा थिएटरपर्यंत कसा पोचला, हे कुणी विचारलं की मी आजवर खोटं सांगत आलो.

माझं नाव सिद्धाराम. घरी आम्ही कन्नड बोलतो, बाहेर मराठी. वीस वर्षं लग्नं शूट केली — अक्कलकोट, मैंदर्गी, इकडं पार करमाळ्यापर्यंत. वधूवरांच्या डोक्यावर अक्षता पडताना शेकडो वेळा टिपल्या. आणि मनात मात्र एकच — आपल्या गावाचा एक सिनेमा करायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या मागवाल्यांचा. कारखाना बंद पडतो, नवरा काम शोधायला भिवंडीला जातो तो परत येत नाही, आणि त्याची बायको स्वतः माग चालवायला शिकते, अशी गोष्ट. नाव ठेवलं 'धोटा'. मागावर इकडून तिकडं धावतो तो धोटा.

त्या बाईच्या भूमिकेसाठी मी पुण्याच्या दोन नट्या पाहिल्या. चांगल्या होत्या. पण मागासमोर उभ्या राहिल्या की पाहुण्या वाटायच्या. मग एक दिवस लोकेशन बघत अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत फिरत होतो. एका दारात चार-पाच बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यातली एक गोष्ट सांगत होती. तेलुगूत सांगत होती, मला निम्मीच कळली. पण मी उभाच राहिलो. तो आवाज — कसा सांगू? तंबाखूच्या धुळीनं जाड झालेला, मध्येच चिरकणारा, आणि चिरकला तरी ऐकणाऱ्याला जागचं हलू न देणारा. त्या म्हणजे राजमणीअक्का. वय पन्नाशीच्या पुढं. नवरा वारलेला, एक मुलगी — पद्मा — लग्न होऊन विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारी.

मी विचारलं, सिनेमात काम कराल का? बायका हसून हसून लोळल्या. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काय करायचा असतो त्यात?"

"तुम्ही रोज करता तेच. आणि बोलायचं."

"बोलायचा तर मला लई येतो की," त्या म्हणाल्या.

त्यांचं मराठी असंच. तेलुगू घरातलं. 'पाणी आला', 'चहा झाली', 'मी गेलतो' — स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भांडणं त्यांनी कधी मिटवलीच नाहीत. पण ते पूर्व भागाचं खरं मराठी होतं आणि मला तेच हवं होतं. म्हणून आम्ही आवाज जागेवरच रेकॉर्ड केला. नंतर स्टुडिओत बसून भरायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. शूटिंगच्या बत्तीस दिवसांत अक्का इतक्या तयार झाल्या की टेकच्या आधी त्याच विचारायच्या, "पंखा बंद केला का? आवाज येतो त्याचा." मी त्यांना म्हणालो होतो — माझ्याच तोंडानं म्हणालो होतो — "अक्का, तुमच्या आवाजासाठीच हा सिनेमा आहे."

सिनेमा झाला. मग वितरक शोधायला निघालो.

ज्यांनी हे केलं नाही त्यांना वाटतं, सिनेमा तयार झाला म्हणजे तो लागतो. लागत नाही. आपल्याच शहरातल्या थिएटरच्या मॅनेजरकडं गेलो. माणूस भला. म्हणाला, "आपल्या गावचा पिच्चर हाय, लावू की. पण वितरक घेऊन या. असा सुटा पिच्चर आमाला घेता येत न्हाय." बरोबर होतं त्याचं. मग मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. रात्रीच्या गाडीनं जायचं, सकाळी कुणाच्या तरी ऑफिसच्या बाहेर सोफ्यावर बसायचं. एकानं माझ्यासमोर सिनेमा पळवत पळवत पाहिला, जेवता जेवता. एकानं विचारलं, गाणं कुठाय? एकीनं फार कौतुक केलं, डोळे पुसले आणि म्हणाली, असे सिनेमे झालेच पाहिजेत — आणि नंतर फोन उचलला नाही. बहुतेकांनी नाही म्हटलंच नाही. 'पाहतो', 'कळवतो', 'दिवाळीनंतर बघू'. नकार मिळाला असता तर बरं झालं असतं, असं वाटायचं त्या दिवसांत. दोन दिवाळ्या गेल्या.

इकडं अक्का दर महिन्याला विचारायच्या. टोचून नाही, आपलं सहज. "सिद्धू, कधी लागतो रे आपला पिच्चर?" गल्लीतल्या बायका त्यांना 'हिरोइन' म्हणायला लागल्या होत्या — आधी कौतुकानं, मग गमतीनं, मग जरा वेगळ्याच सुरात. मी म्हणायचो, लागेल अक्का, लागेल.

आणि मग एकजण मिळाला. त्याचं नाव इथं नको. त्यानं सिनेमा पूर्ण पाहिला — हे मी मान्य केलं पाहिजे — मोठ्या पडद्यावर, मध्ये न उठता. दिवे लागल्यावर म्हणाला, "त्या बाईचा चेहरा सोनं आहे. मी घेतो तुमचा सिनेमा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो म्हणाला, "पण तिनं तोंड उघडलं की गेलं सगळं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे मराठी वाटणारच नाही. आवाज बदला तिचा. एखाद्या नटीकडून डब करून घ्या."

आता इथं मला थांबावं लागतंय. कारण पुढचं मी सोलापूरबाहेरच्या लोकांना नेहमी असं सांगितलंय — की मी खूप भांडलो, आठवडाभर जेवलो नाही, शेवटी नाइलाज झाला. खोटं आहे. टेबलावर चहा आला होता. त्याची वाफ जायच्या आत माझा निर्णय झाला होता. मी 'नाही' म्हटलं नाही. 'विचार करून सांगतो' एवढंही म्हटलं नाही. मी विचारलं, "कुणाकडून करायचं?"

मला काय कळत नव्हतं? मी पुण्याला शिकायला होतो तेव्हा माझ्या कन्नड वळणाच्या मराठीवर मुलं हसायची. वर्गात उठून बोलायचं मी बंद केलं होतं. तोंड मिटून राहणं काय असतं ते मला माहीत होतं. तरीही.

डबिंगला चार दिवस लागले. नटी गुणी होती, तिचा यात काही दोष नाही. स्वच्छ, गोड, गावाकडचं वाटावं असं मराठी तिनं अक्कांच्या ओठांवर बसवलं. ते झाल्यावर मी सोलापूरला आलो आणि अक्कांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. त्या दारातच बसल्या होत्या, सूप मांडीवर, पानं कापून झालेली.

म्हटलं, "अक्का, सिनेमा लागतोय."

त्यांनी हातातली विडी खाली ठेवली. गल्लीकडं बघून तेलुगूत काहीतरी ओरडल्या. समोरच्या दारातून दोघी बाहेर आल्या. मी घाईघाईनं म्हणालो, "पण एक अडचण झाली. आवाज खराब झाला."

"माझा?"

"नाही — रेकॉर्डिंग. खराब झालं. दुसऱ्या बाईचा आवाज घालावा लागला."

त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "मग मी परत बोलते की. किती वेळा बोलायचा सांग, तितक्या वेळा बोलते. मुंबईला येते. पद्मा आणून सोडेल."

यावर मी काय म्हणू शकलो असतो? वेळ नाही म्हणू शकलो असतो. वितरक ऐकत नाही म्हणू शकलो असतो — ते तर खरंच होतं, आणि अक्कांनी त्याला चार शिव्या देऊन विषय संपवला असता. पण त्यात मी गप्प बसलो हे उघडं पडलं असतं. म्हणून मी एक वाक्य बोललो. शांतपणे बोललो. म्हणालो, "उपयोग नाही अक्का. मशीनला तुमचा आवाज पकडताच येत नाही. काही काही आवाज असतात तसे."

हेच ते. सात वर्षं जे दाबून ठेवलं ते एवढंच वाक्य. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

अक्कांनी मान हलवली. समोरच्या बायकांना तेलुगूत सांगितलं. एकीनं 'अय्यो' केलं. अक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तंबाखूनं झाला असेल. तू वाईट वाटून घेऊ नको. पिच्चर तर लागली ना."

त्याच मला समजावत होत्या.

सिनेमा लागला. दुपारच्या शोला अक्का गल्लीतल्या दहा-बारा बायका घेऊन आल्या, दोन रिक्षांत कोंबून. जांभळी नारायणपेठ नेसल्या होत्या, केसांत अबोलीचा गजरा. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर त्यांचा चेहरा आला तेव्हा बायकांनी शिट्ट्या मारल्या — हो, बायकांनी. मग त्या चेहऱ्यानं तोंड उघडलं आणि दुसरीच कुणी बोलली. सगळ्या बायकांच्या माना अक्कांकडं वळल्या. सांगितलेलं होतं त्यांना, तरी वळल्या. एक जण फिसकन हसली. अक्का हलल्या नाहीत. त्या पडद्याकडं बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य त्या बरोबर म्हणत होत्या. दोन वर्षांनंतरही सगळं पाठ होतं. आवाज न करता म्हणत होत्या, शेवटपर्यंत.

बाहेर आल्यावर मी समोर जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "ती बाई चांगली बोलली रे. शुद्ध."

सिनेमा पुण्या-मुंबईत एक आठवडा चालला. सोलापुरात पाच दिवस. त्यानंतर त्या वितरकाचा आणि माझा संबंध आला नाही.

इथंच थांबलं असतं तर कदाचित कधीतरी हिंमत करून मी त्यांना सांगितलंही असतं. असं मला वाटतं. वाटायला काय जातं?

पण चार महिन्यांनी एक मेल आला. दक्षिणेतल्या एका महोत्सवाला मी सिनेमा पाठवला होता — वितरक मिळण्याच्या आधी, म्हणजे जुनी प्रत, अक्कांच्या आवाजाची. मी ते विसरूनही गेलो होतो. परीक्षकांनी अक्कांना अभिनयाचं खास पारितोषिक दिलं होतं. कारणात लिहिलं होतं की या बाईचा आवाज ऐकताना भाषा कळण्याची गरज उरत नाही. अभिनेत्रीनं स्वतः येऊन स्वीकारावं, प्रवासाची सोय आम्ही करतो, असं पुढं होतं.

मी तीनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं — अभिनेत्रीची तब्येत बरी नाही, त्यांच्या वतीनं मी येतो.

आणि मी गेलो. घरी सांगितलं, बंगळूरला लग्नाची ऑर्डर आहे. स्टेजवर उभा राहिलो, आणि मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी कशाबद्दल बोललो असेन? अक्कांच्या आवाजाबद्दल. गल्लीत तो पहिल्यांदा कसा ऐकला, त्यासाठी मी पुण्याच्या नट्यांना कसं परत पाठवलं, खरा आवाज जपणं किती महत्त्वाचं असतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला तेव्हा लाज वाटली का? खरं सांगतो — तेव्हा नाही वाटली. तेव्हा बरं वाटलं. लाज परतीच्या गाडीत सोलापूर जवळ यायला लागलं तशी वाटायला लागली.

प्रमाणपत्र आणि पितळी पदक मी स्टुडिओच्या कपाटात, जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेखाली ठेवलं. अक्कांना दाखवलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, तो मला माहीत होता — माझा आवाज मशीननं पकडला कसा?

त्या वर्षी नवरात्रात त्यांच्या गल्लीत बतकम्मा मांडली होती. फुलांचा ढीग रचायचा आणि भोवती फेर धरून बायकांनी गायचं. दरवर्षी पहिली ओळ अक्का उचलायच्या, बाकीच्या मागून म्हणायच्या. पद्माचा फोन आला होता, या म्हणून. गेलो. फेर चालू होता. पहिली ओळ दुसरीच बाई म्हणत होती. अक्का फेरात होत्या, टाळ्या वाजवत होत्या, वाकत होत्या — तोंड मिटलेलं.

मी पद्माला विचारलं, अक्का गात नाहीत का?

"नको म्हणती," पद्मा सहज म्हणाली. "म्हणती, मशीनलाच नको झाला माझा आवाज, माणसांना कशाला ऐकवू. तुम्ही सांगा की तिला, सिद्धूअण्णा. तुमचं ऐकती."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. पुढच्या वर्षी गेलोच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

अक्का गेल्या वर्षी थंडीत वारल्या. छातीचा आजार. विड्या वळणाऱ्या बऱ्याच बायकांना होतो. मी दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. तोंडावर ऑक्सिजन होता, बोलता येत नव्हतं त्यांना. माझा हात धरून हसल्या. त्यांच्या कानाशी वाकून सांगता आलं असतं — अक्का, मी खोटं बोललो, तुमच्या आवाजाला बक्षीस मिळालंय. एवढी दोन वाक्यं. मी म्हणालो, "आराम करा."

दिवसकार्य झाल्यावर पद्मा माझ्या स्टुडिओत आली. मोबाइल पुढं केला. फोटो खूप होते. म्हणाली, "अण्णा, आईचा आवाज कुटं सापडंना. एक सुद्धा व्हिडिओ नाही तिच्या बोलण्याचा. फोन काढला की गप्प व्हायची. तुमच्याकडं काही —" आणि मग तिनं स्वतःच मान हलवली. "नाही, तुमचं तर तेव्हाच खराब झालं होतं ना सगळं."

माझ्या पाठीमागच्या कपाटात हार्ड डिस्क होती. तीत बत्तीस दिवसांचा आवाज होता. अक्का बोलताना, चुकताना, हसताना, मधल्या वेळात तेलुगूत कुणाला तरी रागावताना. सगळा स्वच्छ.

मी म्हणालो, "हो ना."

ती गेली.

यानंतर मला पश्चात्ताप झाला आणि मी धावत तिच्याकडं गेलो, असं काही झालं नाही. मध्ये जवळजवळ वर्ष गेलं. गेल्या महिन्यात लगीनसराईच्या आधी जागा करायची म्हणून जुन्या डिस्क पुसायला काढल्या. ती लावली. पुसायच्या आधी काय आहे बघावं म्हणून एक फाइल उघडली आणि अक्का म्हणाल्या, "सिद्धू, पंखा बंद केला का?" मी पूर्ण दुपार तिथंच बसलो. दोन फोन आले, घेतले नाहीत.

रविवारी सकाळी विडी घरकुलात गेलो. पद्मा अंगणात पानं भिजवत होती. बसा म्हणाली, मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं — वितरक, चहा, ते वाक्य, महोत्सव, स्टेजवरचं भाषण, स्टुडिओतलं 'हो ना'. काही गाळलं नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे आवाज चांगला होता?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

तिनं पदराला हात पुसले. माझ्या हातातलं प्रमाणपत्र आणि पदक घेतलं, बघितलं, आत नेऊन ठेवलं. मग मी त्या डिस्कवरून भरून आणलेला पेन ड्राइव्ह घेऊन टीव्हीला लावला. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. थोडा वेळ नुसती खरखर आली, आणि मग अक्का बोलायला लागल्या. आधी मराठीत, मग कुणाशी तरी तेलुगूत. पद्मानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेजारच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या, माझ्याकडं बघून पद्माच्या घरात गेल्या. एक म्हातारी दारातच खाली बसली.

बऱ्याच वेळानं पद्मा बाहेर आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "सहा वर्षं गायली नाही ती." मला 'अण्णा' म्हणाली नाही. मग हळूच, न रागावता म्हणाली, "तुम्ही आता जावा."

मी चपला घातल्या आणि निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत अक्कांचा आवाज येत होता.